अवंतीला निघालेली सुभगा

फार पूर्वी कुमुदनगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथल्या धर्मशाळेचा राखणदार होता. सोमदत्त त्याचे नाव. धर्मशाळेचा नियम सरळ होता. वाटसरूला तीन रात्री निवारा आणि दोन वेळचा भात. चौथ्या दिवशी त्याने आपली वाट धरायची.

तिथे सुभगा नावाची एक म्हातारी उतरत असे. दर चौथ्या सकाळी ती गाठोडे डोक्यावर घेऊन पूर्वेच्या वेशीतून बाहेर पडे, तटाला वळसा घाली आणि दिवस मावळताना पश्चिमेच्या वेशीतून पुन्हा आत येई. सोमदत्त विचारी, "कुठं निघालात, आजी?"

"अवंतीला, लेकीकडे."

लेक तिला नव्हतीच! दोन मुलगे होते, शेजारच्या गावी, भिंतीला भिंत लागून राहणारे. थोरला म्हणे, आईला ठेवायची पाळी धाकट्याची. धाकटा म्हणे, थोरल्याची. एके दिवशी दोन्ही दारे आतून लागली. अवंतीच्या लेकीला मात्र चार वर्षांत मुलगी झाली, तिचे बारसे झाले, नावसुद्धा म्हातारीने सांगून टाकले. काय करणार बिचारी!

अशा आणखी सहाजणी होत्या, सगळ्या तटाला वळसा घालणाऱ्या. पण सुभगेचे गुडघे आता साथ देईनात. या खेपेला वाटेत ती पाचदा बसली होती.

अशात विरूपक नावाच्या कोठाऱ्याने राजाच्या कानावर घातले, की त्याच त्या बाया फिरून फिरून कोठारातला भात खातात. दुसऱ्याच दिवशी सकाळी राजा स्वतः धर्मशाळेच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"सोमदत्ता, तू कधी खोटं बोलत नाहीस. या बायका वाटसरू आहेत का?"

सुभगा बाकीच्या सहाजणींबरोबर तिथेच उभी होती. हो म्हण रे बाबा, एवढे एकदा हो म्हण!

"नाहीत, महाराज."

मेल्याने घात केला, असे तिला वाटले.

"मग यांना बाहेर काढ."

"त्याआधी मला काढा, महाराज," सोमदत्त म्हणाला. "चार वर्षं मला ठाऊक आहे. लांबून चालत आलेल्याचे पाय मी ओळखतो. तरी दर खेपेला विचारीतच राहिलो, कुठं निघालात म्हणून. नियम माझा शाबूत राहिला आणि खोटं बोलायचं ओझं या म्हातारीच्या डोक्यावर. मी कसला सत्यवादी! तीन रात्रींचा नियम ज्याला चौथ्या रात्री घर आहे, त्याच्यासाठी आहे. यांचं घर कुठं आहे, ते यांनाच विचारा."

राजाने विचारले. एक म्हणाली, "धनी गेले, महिन्याभरात दिरानं घराबाहेर काढलं." दुसरी म्हणाली, "नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून माहेरी गेले. भाऊ दारातूनच म्हणाला, दिल्या घरी सुखी राहा."

"पण महाराज, कोठारातलं धान्य..." विरूपक पुटपुटला. राजाने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"आणि आजी, तुम्ही?"

"मुलगे दोन आहेत, महाराज," सुभगा म्हणाली. "एक लेक असायला हवी होती."

मग राजाने आज्ञा केली, की जिला चौथ्या रात्री घर नाही तिने येथेच राहावे, आणि कुठे निघालीस असे तिला कोणी विचारू नये.

चौथी सकाळ उजाडली. सवयीने सुभगेने गाठोडे उचलले आणि ती दाराशी आली. सोमदत्त तिथे उभा होता. त्याने काहीच विचारले नाही, तरी तिच्या तोंडून निघून गेले, "अवंतीला, लेकीकडे..."

सोमदत्ताने तिच्या डोक्यावरचे गाठोडे दोन्ही हातांनी उतरवून घेतले.

"अवंती आली, आजी," तो म्हणाला. "पोचलात तुम्ही."

म्हातारी उंबऱ्यावर बसून पोटभर रडली.

ही कथा आपल्या भिक्षूंना सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. आपल्या भिक्षुणीसंघात सगळ्यांआधी उठून नव्या आलेल्या बाईला दार उघडते ना, ती वृद्ध थेरी म्हणजे ती सुभगा. आणि राखणदार मी होतो. सत्य तर मी आधीही बोलत होतो. पण त्या दिवशी ते करुणेने बोललो, आणि तीच माझी सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."