आठ हजारांचा डिनर सेट

बार्शीच्या यमुताई कुलथ्यांनी आपल्या खानावळीचा किराणा बँकेच्या क्रेडिट कार्डावर भरून भरून ढीगभर पॉइंट जमवले होते. गुवाहाटीला लेकीचे दिवस भरत आले होते. आगगाडीनं पोचेपर्यंत बाळ रांगायला लागलं असतं, म्हणून पॉइंटांत विमानाचं तिकीट काढायला त्या बँकेत गेल्या.

मॅनेजर देवस्थळी साहेब हसले. म्हातारी दिसली की या लोकांना हसू येतंच.

"आजी, विमान कशाला? सगळ्या पॉइंटांत हा डिनर सेट घ्या. चांगला आठ हजारांचा आहे!"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "घेते. पण पुढच्या महिन्यात तुमच्या मुलीचं लग्न ना? रुखवतात मांडायला तुम्हीच न्या. मला आठ नकोत, सहाच हजार द्या. तिकीट मी काढते."

"सहा?" साहेब उसळले. "अहो, बाजारात तीनला मिळतो हा!"

"मग माझ्या गळ्यात आठला का बांधता? लेक तुम्हालाही आहे."

साहेब ओशाळले. त्याच पॉइंटांत त्यांनी मुकाट्यानं गुवाहाटीचं तिकीट काढलं आणि मऊ आवाजात विचारलं, "खिडकीची जागा देऊ, आजी?"

"दाराजवळची द्या," यमुताई म्हणाल्या. "उतरायला वेळ नको. पोर एकटी आहे."