कोंबडीखालचा सूर्य

एकदा काय झालं, सकाळच झाली नाही.

का झाली नाही, ते सांगते. मधेच कुणी पाणी मागायचं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक चिमाबाई राहायची. एकटीच. तिची एकच कोंबडी, नाव कवडी. शेजारी तिची धाकटी जाऊ, ठकू. ठकूच्या कोंबड्याने एकदा चिमाबाईची कोथिंबीर उकरली. झालं! चिमाबाईने मधे निवडुंगाचं कुंपण घातलं आणि बोलणंच टाकलं. कोंबडा यायचा बंद झाला, ठकूही बंद झाली.

मग थंडीत कवडी खुडूक बसली. खुडूक कोंबडी कशी ओळखायची, बरं का? ती अंडी द्यायची थांबते. पिसं फुगवून बसते, हात लावला की टोचते, घशातल्या घशात कुरकुरते. दाणे टाका, उठत नाही. पोट मात्र तापलेलं. तिला एकच हवं असतं, पोटाखाली अंडी. आणि चिमाबाईने तर होती नव्हती ती सगळी खाल्लेली! कवडी रिकाम्या टोपलीत बसून राहिली.

त्या संध्याकाळी सूर्य मावळायला आला. मावळताना तो लहान लहान होत जातो, बरं का, नाहीतर डोंगरामागे मावणार कसा? पार अंड्याएवढा झाला. थंडीने काकडला होता. चिमाबाईच्या परसातून जाताना त्याला कवडीच्या पोटाची ऊब लागली, म्हणून जरासा टेकला. मग कवडीने मान लांब केली आणि चोचीने त्याला पोटाखाली ओढून घेतलं.

चिमाबाईची झोप झाली, उठली, तर अंधार. कोंबडा आरवेना. गावातली पोरं उठेनात. मग तिला दिसलं, कवडीच्या पिसांतून उजेड झिरपतोय.

तिने कवडीला उचललं, तर कवडी सूर्याला पंखाखाली घट्ट धरूनच उठली. मग तिला गार पाण्याच्या घंगाळात बुडवलं. पाण्याला उकळी आली, कवडी तशीच. मग टोपली उंच टांगली, खालून वारा लागून पोट थंड होईल म्हणून. वाराच गरम झाला. मग शेपटीला चिंधी बांधली, घाबरून बसायचं विसरेल म्हणून. कवडी चिंधीवरही बसली.

ती ना खाई ना पिई. तिचा लाल तुरा फिका पडला. आता मात्र चिमाबाई घाबरली. कोंबडी मरणार, आणि तिच्या पंखाखाली सकाळही राहणार.

खुडूक कोंबडीला उठवता येत नसेल, तर तिला अंडी द्यावीत. हे चिमाबाईला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण कोंबड्याशिवाय अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत, आणि कोंबडा असलेलं घर एकच, ठकूचं. जीव गेला तरी तिथे जायचं नाही, असं ती म्हणायची. जीव कवडीचा जायला लागला, तेव्हा गेली.

दार वाजलं. ठकू म्हणाली, "कोण?"

"मी."

दार उघडलं नाही. मग आतून आवाज आला, "कुंपण कुणी घातलं होतं, जाऊबाई?"

"मीच."

"आणि काढणार कोण?"

चिमाबाईला ते बोलणं लागलं. पण ती म्हणाली, "मीच काढते. तू आधी अंडी आण."

मग दोघी चाचपडत आल्या. अंधारात कोंबडीला दिसत नाही, बरं का. ठकूने हळूच एक अंडं सरकवलं. कवडीने कुरकुरत ते आत घेतलं. मग दुसरं सरकवलं. कवडीने पंख थोडा सैल केला. मग तिसरं. तेवढ्या जागेत चौघं मावतात कुठे? सूर्य घरंगळत बाहेर आला, लाजून लालेलाल झाला आणि आभाळात चढला. कोंबडा घाईघाईने आरवला.

चिमाबाईने आधी कवडीपुढे पाणी ठेवलं. ती प्यायली. मग चिमाबाईने कोयता घेतला आणि कुंपण तोडायला लागली. काटे टोचले, तेव्हा ठकूही आली.

तीन आठवड्यांनी तीन पिल्लं निघाली. ती थेट ठकूच्या मेथीत शिरली. ठकू ओरडली, चिमाबाई तिच्यावर ओरडली, पण कुंपण काही कुणी घातलं नाही. दोघी रोज भांडत आणि रोज एकत्र जेवत खूप वर्षं सुखात राहिल्या.

सूर्य थंडीत उशिरा उगवतो ना? तो आधी बघतो, कुणाची कोंबडी खुडूक बसली आहे का. बसली असेल तर घटकाभर टेकतो.

तुम्हाला मात्र वेळेवर उठायचंय. चला, पाय आत घ्या. डोळे मिटा.