बोटभर चुकलेली वेल

नदीकाठच्या एका गावात भुजंगशेट नावाचे कापडवाले राहत. त्यांच्या कारखान्यात पडद्यांवर, चादरींवर फुलं छापली जात. शेटजींचा दरारा असा, की ते आत आले की रंग ढवळणाऱ्यांचे हातसुद्धा थांबत. शेटजींना त्याचा फार अभिमान होता.

फुलांची नक्षी आधी कागदावर काढायची गोजरा. तिचे रंग घट्ट, खालचा कागद दिसू न देणारे. चुकलं तर वरून पुन्हा रंगवता यायचं.

एकदा राजवाड्यातून काम आलं. राणीच्या होणाऱ्या बाळाच्या पाळण्याभोवती पडदे हवे होते. गोजराने जाईची वेल काढली. शेटजींनी ती पसंत केली आणि नक्षी बाहेरच्या बाजूला ठेवून कागद गुंडाळला. कागदाच्या दोन कडा एकमेकींना टेकल्या, आणि गोजराला चूक दिसली. एका कडेला संपणारी वेल दुसऱ्या कडेला बोटभर खाली सुरू होत होती. हीच नक्षी शेजारी शेजारी छापायची, म्हणजे प्रत्येक जोडावर वेल तुटणार. आणि तीही बाळाच्या पाळण्याशी.

तिने तोंड उघडलं, पण तिला तिच्यासोबत नक्षी काढणारा सुभाना आठवला. गेल्या वर्षी त्याने स्वतःची चूक स्वतःहून सांगितली, तेव्हा शेटजींनी त्याचे कुंचले रंग उकळायच्या चुलीत घातले आणि त्याला हाकलून दिलं. गोजरा कुंचले धुवायला निघून गेली.

कागद ठसे कोरणाऱ्या येसाजीकडे गेला. त्यालाही ती चूक दिसली आणि तो गोजराकडे आला.

"गोजराबाई, वेल जुळत नाही."

"शेटजींना सांगता?"

"मी? मला पोरंबाळं आहेत."

"मग कागद इकडे द्या. घटकाभरात दुरुस्त करते."

"शेटजींनी पसंत केलेल्या कागदाला हात लावायचा? आधी विचारावं लागेल."

विचारलं कुणीच नाही. ठसा कोरला गेला. छापणारे खाली मान घालून छापत राहिले.

पडदे राजवाड्यात गेले आणि लगेच परत आले. तुटलेली वेल अपशकुनी, म्हणून राणीने ते पाळण्याजवळ टांगूच दिले नाहीत. राजवाड्याचं काम कायमचं गेलं.

शेटजींनी पडदा उलगडला.

"हे कुणालाच दिसलं नाही?"

"सगळ्यांना दिसलं," गोजरा कशीबशी म्हणाली. "मला तर पहिल्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाहीस?"

गोजराने फक्त चुलीकडे पाहिलं.

शेटजी उठले आणि तडक सुभानाच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, तो केव्हाच गाव सोडून गेला.

तात्पर्य: चूक सांगणाऱ्याला जो शिक्षा करतो, त्याला पुढची चूक कुणी सांगत नाही, आणि मग बोटभर चूक अख्ख्या ताग्यावर पसरते.