बसलेला हात

सगुणा नऊ वर्षांची होती, आणि त्या वर्षी घरातलं सगळं काम तिच्या इवल्याइवल्या दहा बोटांवर येऊन पडलं होतं. तिचा बा, गेनू बुरूड, बांबूच्या टोपल्या विणायचा. अशा घट्ट विणायचा, की बायका टोपली उन्हात धरून म्हणायच्या, "अगं बाई, पाणीसुद्धा गळायचं नाही हिच्यातून!" पण बाला मोठा ताप आला. ताप उतरला खरा, पण जाता जाता बाच्या बोटांच्या मुठी मिटवून गेला. त्या उघडेचनात. भाकरीचा घाससुद्धा सगुणाने भरवायचा. आई तर तिला आठवतही नव्हती.

तुम्ही म्हणाल, रडत बसली असेल बिचारी. छे! रडायला वेळ कुठला? सकाळ झाली की ती बांबू चिरून हिरव्या-पिवळ्या कामट्या काढायची, बूड मांडायची आणि विणायला बसायची. बा भिंतीला टेकून बघायचा.

"बा, जमलं का रे?"

"तिसरी कामटी सैल आहे, सगुणे. उसव."

की लगेच उसवायची. 'चालेल' हा शब्द बाच्या तोंडात नव्हताच मुळी. ती पाच वर्षांची असताना त्याने तिला मांडीवर घेतलं होतं आणि तिचे चिमुकले हात आपल्या राकट हातांत धरून पहिली टोपली विणली होती. चुकलं तर रागावला नाही. दमली तर पाणी पाजलं आणि म्हणाला, "हात बसेपर्यंत आपण बसायचं." पोरीचा हात असा बसला, की आता डोळे मिटूनही ती विणू शकत होती.

एके दिवशी ती पाणी घेऊन दारात आली आणि थबकली. बा एकटाच होता. मिटलेल्या मुठींनी कोयता उचलायला बघत होता. कोयता घसरला. परत घसरला. तेव्हा बाने भिंतीकडे तोंड केलं आणि त्याचे खांदे हलू लागले. बाला रडताना सगुणाने कधी पाहिलं नव्हतं. घागर तिथेच ठेवून ती निघाली, ती थेट पिवळ्या बेटाकडे.

आता हे पिवळं बेट म्हणजे रानातलं बांबूचं बन, बरं का. भर दुपारी, सावली पायाखाली आली की तिथे कुणी जायचं नाही, असं सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिथे परी राहायची. मागाल ते द्यायची, पण बदल्यात काहीतरी ठेवून घ्यायची. तातू कुंभाराने तिच्याकडे कौलारू घर मागितलं होतं. घर मिळालं. तेव्हापासून तातू त्या घराच्या ओट्यावर बसून असतो, आपलेच हात उलटेपालटे करतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतो, "हे कुणाचे हो?"

हे ठाऊक असूनही सगुणा गेली.

बनात वारा नव्हता. पान हलत नव्हतं. तरी बांबू करकरत होते, कर्र... कर्र... सोनेरी उन्हाचे ठिपके जमिनीवर आपले आपण सरकत होते. आणि प्रत्येक बांबूवर एकेक हात उमटलेला होता. पिवळसर, चमचमणारा, पाची बोटं फाकलेला. सगुणा पुढे सरकली की ती बोटं हळूच तिच्याकडे वळायची.

"ये गं, सानुली," कुणीतरी म्हणालं.

समोर परी होती. मोरपंखी झगा, केसांत दवाचे थेंब लुकलुकतायत, पाठीला काचेसारखे पातळ पंख. किती सुंदर! पण ती गवतावर उभी होती आणि गवत वाकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती. आणि तिचे तळवे कोरे होते. एक रेघ नाही, एक चुणी नाही.

"माग," परी गोड आवाजात म्हणाली. "एकच मागायचं. मागून झालं की परत फिरायचं नाही."

"परीबाई, माझ्या बाच्या मुठी उघडू द्या."

"उघडतील. पण तुझा बसलेला हात मला दे."

सगुणाने घाबरून हात पाठीमागे लपवले.

"हाडामांसाचा नको गं. बाने त्यात घातलंय ना, ते दे. मग तुला विणता येणार नाही. आणि हे कुणी शिकवलं, तेही आठवणार नाही."

बांबू करकरायचे थांबले. सगळे चमचमणारे हात ऐकत होते.

सगुणाच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं. बाची मांडी आठवायची नाही? 'उसव' म्हणणारा त्याचा आवाज आठवायचा नाही? तिला वाटलं, पळून जावं. मग भिंतीकडे तोंड केलेला बा डोळ्यांपुढे आला.

"देते," ती डोळे पुसून म्हणाली. "त्यानंच दिलंय, त्याच्यासाठीच जाऊ दे. बसा खाली."

"बसू?" परी पहिल्यांदाच गोंधळली. "कशाला?"

"आता तुम्हाला बसलेला हात हवा ना? मग बसल्याशिवाय कसा बसेल? आमच्यात असाच देतात. बाने मला असाच दिला."

पोर चलाखी करत नव्हती हो! तिला दुसरी रीतच माहीत नव्हती. तिने कमरेला खोचलेल्या सुरीने खाली पडलेला ओला बांबू चिरला, कामट्या काढल्या, परीच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि ते बर्फासारखे गार, कोरे हात आपल्या हातांत धरले. एक कामटी वर, एक खाली. परीच्या बोटात बांबूचं कुसळ घुसलं.

"आई गं!" परी ओरडली.

"होतं तसं. पाणी पिता का?"

विणलं. चुकलं. सगुणा म्हणाली, "उसवा." परीने तोंड वेंगाडलं, पंख फडफडवले. "चालेल की एवढं!"

"नाही चालायचं," सगुणा म्हणाली, आणि स्वतःच्या तोंडून बाचा आवाज ऐकून दचकली.

ऊन कलतं झालं. टोपलीचा काठ वळला तेव्हा परीने आपले तळवे पुढे धरले. त्यांवर बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या आणि अंगठ्याखाली टपोरा फोड आला होता. तिची पापणी लवली. पहिल्यांदाच!

"इतक्यांचे हात ओरबाडून घेतले," ती हळूच म्हणाली, "एकही मला बसला नाही. हा बसला. आणि अगं, तुझ्याजवळचा तर तसाच राहिला!"

ती हसली. ते हसू तिच्या फोडातून, बोटांतून, पंखांतून झिरपू लागलं. केशरी, गुलाबी, लख्ख! बांबूंवरचे हात एकेक करून सुटले आणि पिवळ्या फुलपाखरांसारखे भिरभिरत गावाकडे उडाले. सगुणाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा परी नव्हती. टोपली तेवढी होती.

सगुणा धावत सुटली. दिवेलागणीला घरी पोचली, तर बा दारातच उभा.

"कुठं होतीस दिवसभर? जीव टांगणीला लावलास माझा! आणि हे काय आणलंस?" त्याने तिच्या हातातली टोपली हिसकावून घेतली, फिरवून बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "कुणी विणली गं ही?"

"परीनं."

"शोभतंय! बूड बघ कसं वाकडं आलंय. ही बघ, ही कामटी सैल आहे..." आणि सैल कामटीवर त्याने बोट टेकवलं.

दोघंही त्या बोटाकडे बघत राहिले. सरळ, ताठ, नखात जुनी माती असलेलं बोट. मग बाने दुसरं बोट हलवलं. मग सगळीच.

"बा," सगुणा त्याला बिलगून रडायलाच लागली, "तू मला शिकवलंस ना रे, म्हणून झालं हे. सगळं तू शिकवलंस म्हणून!"

बाने तिचे दोन्ही हात आपल्या उघड्या तळव्यांवर घेतले आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. बाहेर पुरता अंधार पडला, तरी कुणी हललं नाही.

गेनू-सगुणाचं जसं भलं झालं तसं राबणाऱ्या साऱ्या हातांचं होवो, आणि ही गोष्ट इथंच विसावो.