काळ्या दोऱ्यातला रुपया

“म्हणजे खोटा रुपया बाळगणाऱ्याला सोडून द्यायचं, असं म्हणता, बुवा?”

केसो पोतदाराने आंबिलीचा वाडगा खाली ठेवला. तो रिकामा झाला होता.

निरंजनबुवांनी बाहेर पाहिले. गडावरील मठाच्या ओसरीतून खालची नदी दिसे, आणि नदीपलीकडे शत्रूची छावणी.

गड कोणता, याविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही. वेढा लांबला होता, एवढे सर्वच सांगतात. तोफांनी तट ढळत नाही, असे दिसल्यावर शत्रूने दुसरे हत्यार काढले होते. गडाच्या टाकसाळीचा हुबेहूब छाप असलेले रुपये... वर चांदीचा पातळ मुलामा, आत तांबे. कोणाच्या ना कोणाच्या हातून ते माचीवरच्या बाजारात पोहोचत.

खरे कोणते आणि खोटे कोणते, हे ठरवणे पोतदाराचे काम. केसो ते उत्तम करी, आणि हे त्यालाही ठाऊक होते.

किल्लेदाराचा हुकूम स्पष्ट होता. ज्याच्याजवळ खोटा रुपया सापडेल, त्याला नदीच्या दरवाजाने बाहेर काढावे. दरवाजाखाली शत्रूच्या चौक्या होत्या. बाहेर काढलेले कोणी परत आले नव्हते.

“या खेपेला कुणाजवळ सापडला?” बुवांनी विचारले.

“भिवरा मीठवालीजवळ. चोरवाटेनं गडावर मीठ आणते, ती एकटीच. उद्या सकाळी किल्लेदारांपुढं उभी करणार. माझ्या एका शब्दावर आहे सगळं.”

“ती काय म्हणते?”

“काय म्हणणार? मीठ विकलं, त्याचा आला. कुणी दिला, आठवत नाही. सगळे हेच म्हणतात.”

“बाजार कसा आहे?”

“बाजार कुठला, बुवा! तेली यायचा थांबला. भुसाऱ्यानं दुकान लावलं नाही. शिपाई पगाराचा रुपया काढतो, तर समोरचा हात मागं घेतो. सख्खा भाऊ भावाचा रुपया दगडावर वाजवून घेतोय.”

“बंद कुणी पाडला?”

“शत्रूनं. दुसरं कोण?”

“हं...”

बुवा उठले. कोनाड्यातून त्यांनी फडक्याची एक पुरचुंडी आणली, तिच्यातून एक रुपया काढला आणि केसोच्या तळहातावर ठेवला.

“एवढा बघ. तुझी पारख चुकत नाही म्हणतात.”

“आजवर तरी नाही.”

रुपयाला कडेजवळ भोक होते. भोकाने नाद बिघडतो, म्हणून केसोने तो वाजवला नाही. भोकाची काळवंडलेली कड त्याने पायरीच्या दगडावर हलकेच घासली आणि उजेडात धरली.

तांबे.

“खोटा. कामही कच्चं आहे. हा छावणीतला नव्हे, जुना दिसतो. कुणीतरी सोम्यागोम्यानं तुमच्या गळ्यात मारलाय, बुवा.”

“सोम्या लहान होता रे.”

“लहान असो की थोर. आज सापडला असता, तर दरवाजाबाहेर.”

बुवांनी फडके पुन्हा उलगडले. आत एक काळा दोरा होता. तीन पदरांचा... त्यातला एक पदर लाल.

केसोचा हात जागीच थांबला.

असा दोरा त्याची आईच वळी. त्याला मठात ठेवायला आणले, त्या दिवशी वाटेत हरवू नये म्हणून तिने दक्षिणेचा रुपया याच दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधला होता.

“बुवा... हा माझा.”

“माझा. दिलेली दक्षिणा परत मागतोस होय?”

केसोला हसू आले नाही.

“तेव्हा कळलं होतं तुम्हाला?”

“भोक नवं होतं. तांबं लख्ख दिसत होतं.”

“मग आईलाही...”

“विचारलं नाही.”

खाली नदीचा आवाज येत होता.

“वर्षभर लोकांचं कांडण करून आली होती ती,” बुवा म्हणाले. “दोन्ही हातांनी दिला तिनं. मी दोन्ही हातांनी घेतला.”

केसोने ओसरीकडे पाहिले. अक्षर तो इथेच शिकला होता. हिशेब इथेच, आणि धातूची पारखही इथेच. पावसाळ्यात ज्या कोपऱ्यात तो झोपे, तिथे आता कोणा दुसऱ्याची वळकटी होती.

“आई जाईपर्यंत सांगायची,” तो हळूच म्हणाला, “बुवांनी आपला रुपया कपाळाला लावला. येईल त्याला सांगायची. तेवढंच...”

त्याने तो रुपया दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, दोऱ्यासह फडक्यात जपून गुंडाळला आणि बुवांपुढे ठेवला. मग त्यांच्या पायांवर डोके ठेवले. ते त्याने बराच वेळ उचलले नाही.

उठला, तेव्हा त्याचा आवाज निराळा होता.

“बुवा, उद्या किल्लेदारांपुढं काय सांगू?”

बुवांनी त्याचा रिकामा वाडगा उचलला. आत डोकावून पाहिले.

“आंबिलीत मीठ बरोबर होतं ना रे?”