पेटीकाकूंचं आतलं लाकूड

संगणकात चितारलेल्या या राज्यात कुठल्याच वस्तूला आत नव्हतं. कपाट होतं, स्टूल होतं, पेटी होती, पण सगळं नुसतं वरवरचं. झाड इथे कधी उगवलंच नव्हतं. कुणीतरी एकदा सागवानी फळीचा एक सुंदर तुकडा रंगवला आणि तोच कापडासारखा सगळ्यांच्या अंगाला गुंडाळला. कापडाची टोकं जिथे जुळायची, तिथे लाकडाच्या शिरा मध्येच तुटलेल्या दिसायच्या. म्हणून रीतच पडली होती. सगळ्यांवर प्रकाश टाकणारे उजेडराव पाहणीला आले, की प्रत्येकाने आपली शिवण भिंतीकडे करून उभं राहायचं. उजेडराव समोरून बघायचे, मान डोलवायचे आणि पुढे जायचे. कुणाचं काही अडत नव्हतं.

मग दवंडी आली. पुढच्या देखाव्यात पेटी कापली जाणार होती. करवतीने, मधोमध, उजेडरावांच्या देखत.

पेटीकाकूंना घामच फुटला असता, पण तो कुणी रंगवलेला नव्हता. चारचौघांत त्या हसून सांगायच्या, "कापू देत की! तेवढीच जरा बारीक होईन." एकट्या असल्या की झाकण गच्च मिटून बसायच्या.

शेजारच्या कपाटरावांना राहवेना. "काकू, कापल्यावर आत काय दिसणार हो?"

"तुम्हाला कापलं असतं तर जे दिसलं असतं, तेच!"

कपाटरावांनी आपली शिवण आणखी भिंतीला चिकटवली.

शेवटी काकू सूत्रमावशींकडे गेल्या. राज्यातलं सगळं गणित मावशींच्या हातात होतं; कोण कुठून कसं दिसणार, ते त्यांचं सूत्रच ठरवायचं.

"वरून रंगवून भागणार नाही गं," मावशी म्हणाल्या. "आधी अख्खं झाड ठरवायचं आणि मग त्यातून तुला काढायचं. म्हणजे कुठेही कापलं तरी तेच झाड दिसेल. पण हे आत्ताचं रूप राहणार नाही. आतलं जिथे बाहेर यायचं तिथे येईल. समोर एखादी गाठसुद्धा येईल."

काकू आपल्या अंगाकडे बघत राहिल्या. समोरच्या सरळ शिरा एवढीच तर त्यांची मिरवायची गोष्ट होती.

"गाठ जरा मागे नाही का ढकलता येणार?"

"एक ढकललं की सगळंच ढळतं."

"बरं. या वयात कोण बघतंय म्हणा."

"आणि वर्षं? सगळी वलयं सारखी घातली तर लगेच नकली दिसतील. चांगल्या काळाची रुंद, वाईट काळाची बारीक. तुझा वाईट काळ कुठला?"

काकूंकडे वर्षं कुठली? वाईट म्हणावेत असे दवंडी ऐकल्यापासूनचे दिवस तेवढे होते. त्यांनी ते देऊन टाकले.

त्यांचं नवं रूप पाहून स्टूल फिसकन हसलं. "अगंबाई काकू, ही काय गाठ! ऐन तोंडावर? आणि शिवण कुठे गेली?"

"सापडली तर सांग हं," काकू म्हणाल्या, आणि सवयीने पाठ भिंतीला लावून उभ्या राहिल्या.

मावशींनी झाड खरंच आतपर्यंत नेलं होतं का? कापल्याशिवाय ते काकूंनाही कळणार नव्हतं. करवत टेकली तेव्हाही त्या बाहेरून हसतच होत्या.

दोन तुकडे बाजूला झाले. समोरची गाठ फांदीसारखी खोल आत गेलेली होती. तिच्याभोवती वलयं पसरली होती, मधली रुंद, ऐसपैस. अगदी कडेची मात्र एकमेकींना बिलगलेली, इतकी बारीक की एकीचा श्वास दुसरीला लागावा.

रोज मान डोलवून जाणारे उजेडराव वाकले. त्या बारीक वलयांवरून ते सावकाश फिरले, परत मागे आले, पुन्हा फिरले.

मग ताठ होऊन त्यांनी कपाटरावांकडे नजर वळवली. ऐकू येत होतं ते एवढंच, रांगेतल्या सगळ्या पाठी भिंतीवर घासल्याचं.