दव न पडलेला ट्रॅक्टर

एकदा एका वृद्ध गृहस्थांनी विकायला काढलेल्या ट्रॅक्टरच्या उशाशी बसून अख्खी रात्र काढली. ट्रॅक्टरला उशी कुठली आणि पायथा कुठला, असे कोणी हसून विचारील. पण त्यांचे म्हणणे असे की आजाऱ्याची खरी प्रकृती पहाटे कळते, आणि यंत्राचीही. अर्थात हे त्यांनी नंतर सांगितले. करण्याआधी सांगायची त्यांना सवयच नव्हती, आणि त्यांच्या शिष्याला याचाच फार त्रास होई.

शिष्य म्हणजे दर्भासनावर बसणारा कोणी बटू नव्हे. तिशी ओलांडलेला चांगला बाप्या माणूस. लहानपणापासून शिक्षणाला आणि पुढे नोकरीला शहरातच, उन्हाळ्याच्या सुटीत तेवढा गावी यायचा. वडील अचानक गेले तेव्हा नोकरी सोडून परतला आणि शेती शिकायला या वृद्धांच्या पायाशी बसला. गाव त्यांना नाना म्हणे. नानांचे हातपाय थकले होते, ते आता ओट्यावरच असत. पण बैल घ्यायचा असो, विहीर खणायची असो की जावई पाहायचा असो, एकदा नानांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कोणाचे पाऊल पुढे पडत नसे.

वडिलांचा एक जुना ट्रॅक्टर होता. दिवसकार्य उरकले, पाहुणे पांगले, आणि एका पहाटे शिष्याला तो सुरू झाल्याचा आवाज आला. आधी एक ठसका, मग सावकाश धडधड. तो धावत अंगणात गेला. ट्रॅक्टर शेडखाली गारठून उभा होता आणि किल्ली घरात खुंटीला होती. दुसऱ्या पहाटे पुन्हा तोच ठसका, तीच धडधड. आईला विचारले, तर ती त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहत राहिली आणि म्हणाली, मला तर काही ऐकू आले नाही. रोजच्या त्या आवाजाने त्याचा जीव अर्धा झाला. शेवटी जे पहिले गिऱ्हाईक दारात आले त्याला त्याने ट्रॅक्टर देऊन टाकला.

आवाज काही थांबला नाही. पुढे कळले की घेणाऱ्याने तो मोडून सुट्या भागांत विकला. तेव्हापासून आपण वडिलांना भंगारात घातले, ही टोचणी त्याच्या काळजात रुतून बसली. आई त्याला एका शब्दाने बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणे त्याला फार लागे.

दरम्यान तुरी निघाल्या, रान मोकळे झाले आणि हरळीचे तण माजू लागले. नांगरट वेळेवर झाली नाही तर पुढचे साल हातचे जाणार हे उघड होते. भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या वेळेला कधी मिळत नाही, आणि नवा घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून जुनाच, खिशाला झेपेल असा घ्यायचे ठरले, आणि माघातल्या एका कडाक्याच्या सकाळी गुरुशिष्य हमरस्त्यालगतच्या एका व्यापाऱ्याच्या आवारात जाऊन पोचले.

धुके अजून जमिनीला चिकटून होते. त्यात ट्रॅक्टरच्या रांगाच्या रांगा उभ्या होत्या, काही नव्या रंगाने चकचकीत, काही उघड्यानागड्या. एकाच्या आरशाला वाळका हार लटकत होता, एकाच्या कपाळावर कोणा लेकीचे नाव अर्धे खरवडलेले होते. सगळ्यांची तोंडे एकाच बाजूला, रस्त्याकडे. एवढी यंत्रे जिथे आहेत तिथे इतकी शांतता असावी, हे शिष्याला बरे वाटेना. प्रत्येकावर दव पडले होते आणि थेंब टपटप खाली गळत होते.

एक मात्र कोरडा होता.

शिष्य त्याच्यापाशी थबकला. वडिलांचा होता त्याच बनावटीचा, त्याच लाल रंगाचा. बॉनेटच्या बाजूला, नव्या रंगाखालून, एका हाताचा पंजा वर आला होता. खंडेनवमीला घरच्या कर्त्याने तेलात कालवलेल्या शेंदराचा पंजा ट्रॅक्टरवर उमटवायचा, ही त्या मुलखाची रीत. तेलावर रंग नीट धरत नाही, हे कोणीही सांगेल. पण या पंजाची करंगळी बाहेर वाकलेली होती, आणि वडिलांची करंगळीही तशीच होती. नंबर वेगळा आहे, सालही वेगळे आहे, हे शिष्याला दिसत होते. वडिलांच्या ट्रॅक्टरचे तुकडे झाले, हेही ठाऊक होते. तरीही त्याने आपला तळवा त्या पंजावर टेकवला. पत्रा उबदार होता. कोणीतरी आत्ताच हात काढून घेतला असावा, इतका.

मफलर गुंडाळलेला व्यापारी धुक्यातून पुढे आला. मोठा गोड बोलणारा माणूस. म्हणाला, याला कित्येक दिवसांत कोणाचा हात लागलेला नाही, पण तुम्ही म्हणत असाल तर चालू करून दाखवतो. त्याने किल्ली फिरवली. आधी एक ठसका, मग सावकाश धडधड. शिष्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. वडील त्याला शोधत इथवर आले, याविषयी त्याच्या मनात आता तिळमात्र शंका उरली नव्हती. विसार देण्यासाठी त्याने खिशात हात घातला.

नानांनी तो हात वरच्यावर धरला. "विसार उद्या," ते म्हणाले. "हा बंद करा. आणि उद्या उजाडेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही."

मग त्यांनी व्यापाऱ्याकडून एक स्टूल मागून घेतले, ते ट्रॅक्टरच्या अगदी तोंडाशी मांडले आणि धोतर सावरून त्यावर बसले. अधूनमधून ते बॉनेटवर हात ठेवीत आणि पुन्हा काढून घेत. येणारेजाणारे ड्रायव्हर थट्टा करू लागले. एकाने विचारले, "काय आजोबा, पेशंटला ताप किती?" नानांनी गंभीरपणे सांगितले, "उतरतोय."

शिष्य मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्याला वाटत होते, एवढ्यात दुसरे गिऱ्हाईक येईल आणि आपल्या डोळ्यांदेखत वडिलांना घेऊन जाईल. दुपारी त्याचा तोल सुटला. तुमचे वडील कधीच गेले, तुम्हाला आता हे समजायचे नाही, असे तो गुरूंना तोंडावर म्हणाला आणि मग स्वतःच्याच शब्दांनी शरमला. नानांनी दोन कप चहा सांगितला.

उन्हे कलली तेव्हा पाय मोकळे करावेत म्हणून तो रांगांमधून हिंडू लागला. सूर्य पार खाली आला होता आणि प्रकाश पत्र्यांवर आडवा पडला होता. शिष्याने शेजारच्या ट्रॅक्टरकडे पाहिले. निळ्या रंगाखालून एक पंजा वर आला होता. त्याच्या पलीकडच्यावर एक, रुंद, जाड बोटांचा. पुढे एकावर बाईच्या हाताचा, निमुळता. आणखी पुढे एका मोठ्या पंजाला चिकटून एक इवलासा, लहान लेकराचा. तो चालत राहिला आणि ते उजेडात येत राहिले, हिरव्यावर, पिवळ्यावर, गंजक्यावर, सगळ्या आवारभर. धुक्यातल्या सकाळी यांतला एकच दिसला होता. आत्ता ते सगळे हात पत्र्याच्या आतून बाहेर येऊ पाहताहेत, असे त्याला वाटले. तो झपाझप परत आला आणि नानांच्या पायाशी, त्यांना खेटून बसला. नानांनी एवढेच विचारले, "पाहिलेस?" त्याने मान हलवली.

व्यापाऱ्याने आणून दिलेल्या घोंगड्यांत दोघांनी रात्र तिथेच काढली.

पूर्वेला फटफटत होते तेव्हा शिष्य दचकून जागा झाला. ट्रॅक्टर सुरू झाला होता. आधी ठसका, मग धडधड. इतकी जवळ की छातीत जाणवावी. तो ओरडला, "नाना, चालू झाला!"

नाना स्टुलावर बसले होते. त्यांचा तळवा बॉनेटवर, त्या पंजाच्या शेजारी होता.

"मी जागाच आहे," ते शांतपणे म्हणाले. "माझा हात केव्हाचा यावर आहे. बघ ये."

शिष्याने हात लावला. लोखंड बर्फासारखे गार होते, त्यावर दव पडले होते. वाकड्या करंगळीच्या त्या पंजावरून थेंब ओघळत होते, जसे रांगेतल्या इतर सगळ्यांवरून ओघळत होते तसेच. आवाज थांबला होता, की तो मुळात नव्हताच, हे त्याला सांगता आले नसते.

व्यापारी आला. नानांनी त्याला किल्ली फिरवायला सांगितले. इंजिन एकदा कण्हले. पुन्हा फिरवली, पुन्हा कण्हले. बॅटरी मंदावत गेली, धूरदेखील निघाला नाही.

"इंजिनात दम उरलेला नाही," नाना शिष्याला म्हणाले. "गरम असला की चालतो, गार झाला की आडवा होतो. म्हणून आपण यायच्या आधी कुणीतरी याला दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून चालू करून तापवून ठेवला होता. ती ऊब डिझेलची होती, बाळा. इथं जितके ट्रॅक्टर तितके पंजे, आणि प्रत्येक पंजा कुणाच्या बापाचा नाहीतर आईचा. त्यांतला तू एक उचललास, कारण तुला तो हवा होता. लोखंड घ्यायचं तर गार असताना घ्यावं, आणि घेणाराही त्या वेळी गार असावा. काल हा तापलेला होता आणि तूही. दोघांचा ताप उतरेपर्यंत मला बसावं लागलं."

व्यापारी खाली मान घालून ऐकत होता. तो नाकबूल जाईल, असे शिष्याला वाटले होते. पण तो फक्त मफलर सोडून पुन्हा गुंडाळत राहिला, आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "लबाडी केली, नाही म्हणत नाही. पण मी रोज पहाटे एक चालू करतोच, गिऱ्हाईक येवो न येवो. मला हे सगळे चालू झालेले ऐकू येतात. एकामागून एक, रांगेनं. बाहेर येऊन पाहावं तर सगळे गार. मग मी एक खरोखरीचा चालू करतो. त्या आवाजात बाकीचे बुडतात."

नानांनी विचारले, "आज आले ऐकू?"

"आले," व्यापारी म्हणाला. "आत्ताच."

शिष्याने त्याच्याकडे पाहिले आणि त्याने शिष्याकडे. याचा उलगडा नानांपाशी नव्हता, आणि असल्याचा आवही त्यांनी आणला नाही. त्यांनी व्यापाऱ्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि काठी टेकत ते रांगेच्या टोकाकडे निघाले.

तिथे एक ट्रॅक्टर होता. रंग उडालेला, मडगार्ड चेपलेले, सीट फाटलेली. दवाने निथळत होता. नानांनी खाली वाकून तेल कुठे गळते का ते पाहिले, टायर दाबून पाहिले, तेलाची काडी बाहेर काढून बोटावर पुसली, कागद चाळायला लावले. मग शिष्याला म्हणाले, आता तू. शिष्याने किल्ली फिरवली. इंजिन जरा कुरकुरले, पांढऱ्या धुराचा एक लोट सोडला आणि एका लयीत चालू लागले. त्या आवाजात ओळखीचे काहीच नव्हते. शिष्य तो बराच वेळ ऐकत राहिला. नंतर त्याने विसार दिला आणि उरलेल्या पैशांचा वायदा करून किल्ली घेतली.

नानांना मडगार्डवर बसवून तो दुपारी गावात शिरला. आई ओसरीवर उभी होती. वाटेत त्याने तिला काय काय सांगायचे ते जुळवून ठेवले होते, पण ते राहूनच गेले. आईने ट्रॅक्टरभोवती सावकाश एक फेरी घातली.

"कुणाचा होता?" तिने विचारले.

"ओळखीतल्या कुणाचा नाही."

"गारठ्यात चालू होतो?"

"आज पहाटे झाला. रात्रभर दवात होता."

आईने एक मोठा श्वास सोडला. "मग बरं झालं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचा एकाही पहाटे कधी चालू झाला नाही. ऊन अंगणात आल्याशिवाय तो खोकायचाही नाही. थंडीत चिंध्यांचे बोळे पेटवून मी त्याच्या तोंडाशी धरायचे, तेव्हा कुठं हलायचा. तू विकलास त्या दिवशी मी सुटले रे. तू रडत होतास, म्हणून बोलले नाही."

इतके दिवस पहाटे पहाटे शिष्य काय ऐकत होता? त्याने वळून नानांकडे पाहिले. नाना हरळी माजलेल्या रानाकडे पाहत होते.

मग त्याने आईचे हात आपल्या हातांत घेतले आणि उलटे करून पाहिले. बोटांवर, मनगटांवर पोळल्याचे जुने काळपट डाग होते. ते त्याने लहानपणापासून पाहिले होते, पण ते कशाचे, हे कधी विचारले नव्हते.